जोडणी दिली, दोष कोण शोधणार?

धूलकोटपासून सत्तरीपर्यंत, घरून काम करणाऱ्यांसमोरचा न सुटलेला प्रश्न

मध्य प्रदेशाच्या बुरहानपूर जिल्ह्यातील धूलकोट हे गाव गोव्यातील बहुतेक वाचकांना नावानेही ठाऊक नसेल. सातपुड्याच्या डोंगराळ, आदिवासीबहुल पट्ट्यातले हे गाव. जिल्ह्याच्या दक्षिणेस महाराष्ट्राची सीमा, पलीकडे रावेर आणि जळगावचा मुलूख. त्यामुळे बुरहानपूरच्या बाजारात आजही मराठी सहज कानी पडते. ‘कोठूनही काम’ ही घोषणा गेल्या काही वर्षांत देशभर रुजली. पण तिची खरी परीक्षा पुण्या-बंगळुरूच्या सदनिकांत होत नाही. ती होते धूलकोटसारख्या गावांत आणि आपल्याकडे सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या तालुक्यांतील वाड्यांत. तेथे जोडणी पोहोचली, की प्रश्न संपला असे शासन मानते आणि सेवा कंपनीही मानते. प्रत्यक्षात प्रश्न तेथून सुरू होतो. जोडणी तुटली, तर ती कोठे तुटली हे कोण सांगणार?

घरून काम करण्याला कायद्याची वाट केंद्राने मोकळी करून दिली, हे खरे. दूरसंचार खात्याने ५ नोव्हेंबर २०२० रोजी ‘इतर सेवा पुरवठादारां’साठीचे नियम शिथिल केले आणि कॉल सेंटर किंवा तत्सम सेवेतील कर्मचाऱ्याला घरून काम करण्याची मुभा मिळाली, जून २०२१ मध्ये ते नियम आणखी सैल झाले. विशेष आर्थिक क्षेत्रांतील उद्योगांसाठी जुलै २०२२ मध्ये घरून काम करण्याचा स्वतंत्र नियम आला. या साऱ्या बदलांत कंपनीची सोय पाहिली गेली. कर्मचाऱ्याच्या घरातील जाळे बंद पडल्यास काय, याचा विचार मात्र झाला नाही. कार्यालयात संगणक बंद पडला, तर तंत्रज्ञ धावत येतो. घरी तोच संगणक बंद पडला, की कर्मचारी एकाच वेळी कामगार, तंत्रज्ञ आणि तक्रारदार अशा तिन्ही भूमिकांत ढकलला जातो.

नळ आणि पाणी

जोडणी आणि पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी बुरहानपूरचेच उदाहरण उपयोगी आहे. जुलै २०२२ मध्ये हा जिल्हा देशातील पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. घरोघरी नळ पोहोचणे ही मोठीच कामगिरी होय. परंतु नळाला पाणी आले नाही, तर टाकी रिकामी आहे, पंप बंद आहे, वाटेत नळी फुटली आहे, की घरातली चावीच बंद आहे, हे पाहणारा माणूस गावात लागतो. तो नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि घागर रिकामी.

त्याच शहराची चार शतकांपूर्वीची पाणीव्यवस्था, म्हणजे कुंडी भंडारा, या बाबतीत अधिक शहाणी होती. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी विवरे, ठेवली गेली. हवा खेळती राहावी आणि माणसाला आत उतरता यावे, हा त्यांचा उपयोग. पाणी अडले, तर एकेक कुंडी तपासत जायचे. ज्या कुंडीत पाणी आहे आणि पुढच्या कुंडीत नाही, त्या दोहोंमध्ये अडथळा. संगणकाच्या जाळ्यातील दोष शोधण्याची सारी विद्या या एका वाक्यात सामावली आहे.

पाच कड्यांची साखळी

घरातील लॅपटॉपपासून कार्यालयाच्या यंत्रणेपर्यंतची वाट ढोबळमानाने पाच कड्यांची असते. पहिली कडी स्वतःचे यंत्र. दुसरी घरातील राउटर आणि वायफाय. तिसरी घरापासून सेवा कंपनीच्या केंद्रापर्यंतची तार किंवा मोबाइल मनोऱ्यापर्यंतची लहर. चौथी कंपनीचे मोठे जाळे आणि त्यापुढचे जग. पाचवी कार्यालयाची स्वतःची व्यवस्था, म्हणजे सर्व्हर, सांकेतिक शब्द, व्हीपीएन. ‘नेट चालत नाही’ या तीन शब्दांत या पाचही कड्यांचे दोष मावतात आणि म्हणूनच ती तक्रार निरुपयोगी ठरते. सेवा कंपनीचा प्रतिनिधी राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगतो. कार्यालयाचा तंत्रज्ञ ‘तुमच्याकडेच दोष आहे’ म्हणतो. आणि वरिष्ठांच्या पडद्यावर तो कर्मचारी केवळ ‘गैरहजर’ दिसतो.

दोष शोधण्याचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लॅपटॉपवर नेट नाही. पण त्याच वायफायवर फोन चालतो, तर दोष लॅपटॉपचा. दोन्ही चालत नाहीत. पण लॅपटॉप तारेने राउटरला जोडताच चालतो, तर दोष वायफायचा. तारेनेही चालत नाही. पण फोनच्या मोबाइल डेटावर लॅपटॉप चालतो, तर दोष राउटरमध्ये किंवा त्यापुढच्या तारेत. मोबाइल डेटावरही केवळ कार्यालयाची प्रणाली उघडत नाही आणि बाकी सारे उघडते, तर दोष बहुधा कार्यालयाकडे. या चार चाचण्यांना पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि विशेष ज्ञानही लागत नाही.

फायबरची जोडणी असेल, तर भिंतीवरच्या पेटीचे दिवे बरेच काही सांगतात. ‘पॉन’ लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतो आहे. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर प्रकाशच येत नाही; तार तुटली, वाकली किंवा सांध्यातून निसटली. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-सुरू करून काही होत नाही. तक्रार नोंदवताना ‘लॉसचा दिवा लाल आहे’ एवढे सांगितले, तरी पुढची निरर्थक प्रश्नोत्तरे टळतात.

पुढची पायरी ‘पिंग’ची. हा आदेश एका ठिकाणी हाक मारतो आणि उत्तर यायला किती सहस्रांश सेकंद लागले ते दाखवतो. आधी राउटरला हाक मारावी. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तत्सम असतो. तेथून उत्तर आले, तर घरातली वाट ठीक. मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या सार्वजनिक पत्त्याला हाक मारावी. तेथूनही उत्तर आले, तर बाहेरची वाट ठीक. अंकी पत्ता उत्तर देतो. पण संकेतस्थळाचे नाव लिहिल्यावर काहीच सापडत नाही, तर दोष नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस व्यवस्थेत आहे. ती सेटिंगमध्ये बदलता येते आणि तार जोडणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

‘ट्रेसराउट’ हा आदेश कुंडी भंडाऱ्याच्या पद्धतीने काम करतो. वाटेतील एकेक टप्पा तो क्रमाने दाखवतो. येथे एक सावधगिरी हवी. मधल्या काही यंत्रांना अशा हाकांना उत्तर न देण्याची सूचना दिलेली असते. त्यामुळे एखाद्या ओळीत नुसत्या तारका दिसल्या, म्हणजे तेथे दोष आहे असे नव्हे. पुढचे टप्पे उत्तर देत असतील, तर वाट मोकळी आहे. एका टप्प्यापासून शेवटपर्यंत सर्वच गप्प असतील किंवा तेथून पुढे सर्वत्र विलंब वाढलेला असेल, तरच संशय घ्यावा.

वेग म्हणजे सर्व काही नव्हे

जाहिराती वेगाच्या असतात. काम मात्र अनेकदा वेगावाचून अडत नाही. दूरसंचार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग सेकंदाला ५१२ किलोबिटांवरून २ मेगाबिटांवर नेला. दृक्-श्राव्य बैठकीला काही मेगाबिट पुरतात. परंतु विलंब, त्यातील चढउतार आणि वाटेत गळणारी माहिती यांमुळे आवाज तुटतो. शंभर मेगाबिटांची जोडणी असूनही बैठकीत चेहरा गोठतो, तेव्हा घरातील दुसरा फोन छायाचित्रांचा साठा वर चढवत असण्याची शक्यता असते. वर जाणारी वाट भरली, की बोलणाऱ्याचे शब्दही रांगेत अडकतात. ती चढवण थांबवून पुन्हा पिंग करून पाहिले, की उत्तर मिळते.

गोव्यात आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती वायफायला मानवत नाहीत. विशेषतः ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली, तरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते, तर २.४ गिगाहर्ट्झची संथ लहर अधिक दूर जाते. राउटर कपाटामागून काढून कामाच्या खोलीत आणणे हा अनेकदा सर्वांत स्वस्त उपाय असतो. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर राउटर सुरू राहतो. पण गल्लीतल्या खांबावरील केबलचालकाचे यंत्र किंवा टेकडीवरचा मनोरा विजेविना बंद पडला असेल, तर घरातील इन्व्हर्टर निरुपयोगी. ‘वीज गेली, की किती मिनिटांनी नेट जाते’ याची नोंद ठेवली, तर बंद पडणारे यंत्र घरातले की बाहेरचे, हे कळते.

दोष सातासमुद्रापार

कधी दोष गावात नसतो, देशातही नसतो. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्रतळाच्या केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत वेग मंदावला. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रात डीएनएसशी निगडित बिघाड झाला आणि जगभरातील असंख्य सेवा तासन्‌तास खोळंबल्या. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्या बिघाडाने तोच अनुभव दिला. त्या दिवशी धूलकोटच्या तरुणाने किंवा वाळपईच्या तरुणीने स्वतःचा राउटर कितीही उलटापालटा केला असता, तरी व्यर्थ होते. पाचही कड्या ठाऊक असलेला माणूस अशा वेळी शांत राहतो आणि पुरावा देऊन वरिष्ठांना सांगू शकतो, की दोष माझा नाही.

देशांतर्गत दोषांचे कारण मात्र बहुधा फावडे आणि खोदयंत्र असते. मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करताना केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार, अनियंत्रित खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे १० लाख ठिकाणी फायबर तुटते आणि सुमारे ३ हजार कोटी रुपयांचे नुकसान होते. ग्रामीण भागात हे अधिक जाचक, कारण तेथे दुसरी वाटच नसते. २०११ मध्ये मंजूर झालेले आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखले गेलेले जाळे बऱ्याच ठिकाणी एका रेषेत टाकले गेले. मध्ये एक तार तुटली, की पुढच्या सर्व ग्रामपंचायती अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात रेषेऐवजी वर्तुळाकार रचना स्वीकारली गेली. वर्तुळात एक बाजू तुटली, तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते. दोष होणारच, हे मान्य करून रचना केली पाहिजे, ही समज येण्यास एक तप लागले.

हक्क आहेत, पुरावा हवा

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची, सेवा-गुणवत्तेची नवी विनियमावली १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. तिच्यात केवळ वेग नव्हे, तर विलंब आणि माहितीची गळती हेही निकष आहेत. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प राहिली, तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. मोबाइल कंपन्यांनी आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणेही बंधनकारक आहे. जोडणी घेण्यापूर्वी हा नकाशा पाहावा आणि नकाशावर हिरवा दिसणारा आपला वाडा प्रत्यक्षात कोरडा असेल, तर त्याचे चित्र जपून ठेवावे.

तक्रारीची रीत २०१२ च्या विनियमांत ठरलेली आहे. तक्रार केल्यावर नोंद क्रमांक मिळालाच पाहिजे. समाधान झाले नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ग्राहक आयोगाचे दार मात्र उघडे आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला. याच न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटद्वारे व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनात्मक संरक्षण असल्याचे म्हटले आणि ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे ठरवले.

तत्त्वे उंच आहेत. परंतु मंचासमोर तत्त्वे नव्हे, नोंदी लागतात. तारीख, वेळ, कोणता दिवा कसा होता, पिंगचे उत्तर काय आले, वीज होती की नव्हती, तक्रार क्रमांक कोणता, दुरुस्ती केव्हा झाली, हे सात रकाने असलेली एक साधी वही मोठ्या वकिलापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

गेलेल्या तासाचे पैसे कोणाचे?

खरा प्रश्न पैशाचा आहे. तासावर किंवा नगावर मोबदला मिळणाऱ्या कर्मचाऱ्याचे नेट तीन तास गेले, तर तीन तासांची कमाई गेली. वर ‘बेजबाबदार’ हा शिक्का. शहरातील कर्मचारी दुसरी जोडणी घेऊन ठेवतो किंवा शेजारच्या उपाहारगृहात जाऊन बसतो. धूलकोटला वा नेत्रावळीला तो पर्याय कोठे? म्हणजे एकाच दोषाचा भुर्दंड ठिकाणानुसार बदलतो आणि ज्याचे उत्पन्न कमी, त्याच्यावर तो अधिक पडतो.

युरोपात या प्रश्नाला उत्तर शोधले गेले आहे. स्पेनच्या २०२१ च्या दूरस्थ कामाच्या कायद्यानुसार, तांत्रिक अडचणीमुळे काम अशक्य झाल्यास काय करायचे, हे करारातच लिहावे लागते. तेथील राष्ट्रीय न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असा निर्णय दिला, की कर्मचाऱ्याच्या चुकीविना वीज किंवा इंटरनेट गेल्यास तो वेळ कामाचाच धरावा. तो नंतर भरून घेता येणार नाही आणि त्यासाठी वेतनही कापता येणार नाही. गोव्याला परिचित असलेल्या पोर्तुगालने २०२१ च्या कायद्याने घरून काम करताना वाढणाऱ्या वीज आणि इंटरनेटच्या खर्चाचा भार मालकावर टाकला. भारतात ३१ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या सेवा क्षेत्राच्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख आला. पण तो नियुक्तीच्या अटींवर सोपवून दिला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्या असताना या पोकळीकडे राज्यांनी आणि कामगार संघटनांनी लक्ष देण्याची हीच वेळ आहे.

छोट्या राज्याला जमेल असे

कोविडच्या काळात सांगे तालुक्यातील विद्यार्थ्यांना वर्गासाठी टेकडी चढावी लागली होती. शेजारच्या सिंधुदुर्गातही तीच गत होती. त्यानंतर मनोऱ्यांविषयी पुष्कळ वाद झाला. काही गावांत किरणोत्सर्गाच्या भीतीने मनोऱ्यांना विरोध होतो. भारताने २०१२ पासून मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांश ठेवली आहे, ही गोष्ट त्या चर्चेत क्वचितच सांगितली जाते. मनोरे हवेत की नकोत, हा निर्णय ग्रामसभांनी माहितीच्या आधारे घ्यावा. परंतु मनोरा उभा राहिला, तरी दोष शोधणाऱ्या माणसाची गरज संपत नाही.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक पंचायतीत एका प्रशिक्षित तरुणाला दोष-निदानाचे काम देणे या राज्याला अशक्य नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आठवड्याभराचा अभ्यासक्रम, एक तपासणी तार, फायबरमधील प्रकाश मोजणारे छोटे यंत्र आणि मराठी-कोकणीतील एक पानाची तक्ताकृती सूचना, एवढे भांडवल पुरेल. केंद्राच्या डिजिटल साक्षरता योजनेत मार्च २०२४ पर्यंत ६ कोटींहून अधिक ग्रामीण नागरिकांना प्रशिक्षण मिळाले; त्यात फोन वापरणे, ईमेल पाठवणे, पैसे भरणे शिकवले गेले. बिघाड झाला, तर तो ओळखावा कसा, हा पुढचा धडा अजून कोणी लिहिलेला नाही.

कंपन्यांनाही काही करता येईल. नियुक्तिपत्रात बिघाडाच्या वेळेचे कलम असावे; कर्मचाऱ्याने चाचण्यांची नोंद पाठवली, तर तो वेळ कामाचा धरला जावा; मोबाइल डेटाच्या पर्यायी जोडणीचा खर्च कंपनीने द्यावा; आणि कार्यालयाच्या मदत कक्षाने ‘तुमच्याकडेच दोष आहे’ हे वाक्य स्वतः ट्रेसराउट पाहिल्याशिवाय उच्चारू नये. यात खर्च थोडा आहे. पण विश्वास पुष्कळ वाढतो.

धूलकोट आणि धारबांदोडा यांच्यात शेकडो किलोमीटरांचे अंतर आहे. भाषा, पीक, पाऊस सारेच वेगळे. परंतु दोन्हीकडचा तरुण शहरात न जाता पोट भरण्याचे जे स्वप्न पाहतो, ते एकाच बारीक काचेच्या तारेवर टांगलेले आहे. ती तार गावापर्यंत आणण्यासाठी हजारो कोटी खर्च होतात. ती कोठे तुटली हे सांगू शकणारा एक माणूस गावात असावा, यासाठी त्या खर्चातला अगदी छोटा हिस्सा पुरेल. तो हिस्सा पुढच्या अर्थसंकल्पात दिसतो का, हे आता पाहायला हवे.